ऐवजी असे वाचावे

नागपूरच्या अधिवेशनात, शेवटच्या दिवशी,
चहाच्या आधी की नंतर ते इतिवृत्तात नाही,
आवाजी मतदानानं मंजूर झालं:
वीरस्मारके (फेरबदल) अधिनियम, कलम तीन,
यातील 'या वर्षाचा एकतीस डिसेंबर' याऐवजी
'पुढील वर्षाचा एकतीस डिसेंबर' असे वाचावे.
कुणीच नाही म्हटलं नाही.
मुदत वाढवायला कोण नाही म्हणतं?

सोलापुरात ते राजपत्र माझ्या टेबलावर आलं
तेव्हा होम मैदानावर गड्ड्याचे पाळणे उभे राहत होते.
मी आवक क्रमांक टाकला.
चौथ्यांदा तीच फाईल सोडली;
तिच्या नाडीची गाठ आता माझ्या बोटांना पाठ आहे.

आत एक अर्ज.
राजमणी येमुल, धंदा विड्या वळणे, राहणार विडी घरकुल,
वय एकोणसाठ.
(खोडून साठ. खोडून एकसष्ट. आता त्रेसष्ट.)
विषय: भावाचं नाव.
सैनिकांच्या स्तंभावर, तिसऱ्या ओळीत,
शिपाई अंबादास येमुल
याऐवजी कोरलंय
शिपाई अंबादास येवले.

सोबत शाळेचा दाखला. तो तेलुगू.
मग त्याचं मराठी. त्या मराठीवर शिक्का.
त्या शिक्क्याची खातरजमा करणारं एक पत्र,
आणि ते पत्र मिळाल्याचं माझंच एक पत्र.

ती येते मंगळवारी, कारखान्यात माल देऊन.
बोटांच्या पेरांना तंबाखूचा वास.
"साहेब, माझ्या हजारात चाळीस छाट निघाल्या
तर त्याच संध्याकाळी मजुरी कापतात.
वाकडी विडी लगेच दिसते त्यांना.
अन् हे एवढं मोठं, दगडावरचं?"

मी तिला कायदा सांगितला.
साहेब नाही मी, हे सांगायचं राहिलं.

एकदा पाथरवटाला घेऊन गेलो होतो, यल्लप्पा बंदपट्टेला.
त्यानं अंगठ्यानं अक्षर चाचपलं, थुंकला, म्हणाला,
दगडाला खोडरबर नसतो.
दोन अक्षरं काढायची तर अख्खी पाटी घासावी लागेल,
बावीसच्या बावीस माणसं जातील,
मग पुन्हा एकेकाला कोरून आणायचं.
एकवीस घरांची संमती आहे का?
तेव्हापासून फाईलमध्ये एकवीस पत्ते.
सात घरं सापडली नाहीत.
एका घरानं कळवलं: आमचं बरोबर आहे, हात लावू नये.

परवा तिला पुढची तारीख सांगितली.
ती रागावली नाही, हेच मला जड गेलं.
म्हणाली, चला, दाखवते तुम्हाला एक.
दुपारी दीडला, जेवणाचा डबा तसाच ठेवून, गेलो.

एकाहत्तर साली ती नऊ वर्षांची.
तो गेला तेव्हा मागावर अर्धी चादर होती,
आईनं ती तशीच कापून घेतली,
मोर होता, पिसारा नव्हता.

तापलेल्या दगडावर तिनं बोट ठेवलं.
"आडनावात एवढं एक बरोबर आहे बघा. ये.
घरात आम्ही रा म्हणतो,
आई दारात उभी राहून म्हणायची, रा नाना, रा.
मराठीत ये, होय ना?
कुणी तरी चुकून बरोबर लिहिलं."

मला काही बोलता आलं नाही.
मागून सिटी बस गेली, स्तंभावर धूळ बसली,
तिनं पदरानं फक्त तिसरी ओळ पुसली,
मग, जरा थांबून, चौथीही.

कचेरीत परतून मी टिपणी लिहिली:
मुदतवाढ प्राप्त. अर्जदारास समक्ष कळविले.
प्रकरण पुढील आदेशापर्यंत प्रलंबित.
आणि गाठ मारताना पाहिलं,
टिपणीत, माझ्याच अक्षरात,
येमुल याऐवजी
येवले.

शाई ओली होती.
माझ्याकडे खोडरबर नव्हता, ब्लेड होतं.